सालभुंगेरे: वेगळं कुळ, की सोंडकिड्यांचीच शाखा?

भुंगेदास
कीटकांच्या जुन्या याद्यांत झाडांची साल पोखरणारे भुंगेरे अजूनही 'स्कोलिटिडी' या स्वतंत्र कुळात सापडतात. ते नाव आता सोडायला हवं. सोंडकिड्यांच्या कर्क्युलिओनिडी कुळातलं हे एक उपकुळ आहे, स्कोलिटिनी. अळी पांढरी, बिनपायांची, वाकडी, अगदी सोंडकिड्याच्या अळीसारखी. मिशा कोपरात दुमडलेल्या, टोकाला गाठ. डीएनएतही हे सोंडकिड्यांच्या आतच बसतात. वेगळे काढले तर उरलेलं कुळ अपुरं राहतं, एकाच पूर्वजाचे सगळे वंशज त्यात येत नाहीत.

काष्ठकीट
अळी सारखी, मान्य. प्रौढाचं काय? सालभुंगेऱ्यांचे अभ्यासक स्टीफन वुड यांनी कुळ वेगळं ठेवलं ते उगाच नाही. सोंडकिड्याची मादी सहसा सोंडेनं भोक पाडून बाहेरूनच अंडी घालते. इथे मादी सबंध आत शिरते, मातृबोगदा खणते, दोन्ही कडांना खाचा करून अंडी घालते. सोंड जवळजवळ नाहीच, पायांवर दाते, पंखांचा मागचा उतार भुसा ढकलायला. सगळं शरीर त्या कामासाठी घडलंय.

मिशीधर
काम हा निकष लावला तर गटच फुटेल. याच गटातला हायपोथेनेमस हॅम्पेई कॉफीच्या फळात राहतो, त्याला सालीशी देणंघेणं नाही. लाकडात बुरशी पिकवून ती खाणारे अँब्रोसिया भुंगेरे तर एका पूर्वजाचे नाहीतच, ही सवय वेगवेगळ्या शाखांत अनेकदा स्वतंत्रपणे आली.

संसारही एकसारखा नाही. इप्स टायपोग्राफस या सालभुंगेऱ्यामध्ये नर आधी खोली खणतो, मग एकाहून जास्त माद्या येतात. डेन्ड्रोक्टोनस या दुसऱ्या सालभुंगेऱ्यांमध्ये सुरुवात मादीची. झायलेबोरिनी या अँब्रोसिया भुंगेऱ्यांच्या गटात नर उडत नाही आणि बहिणींशीच जुगतो, म्हणून एकटी मादीही नवीन ठिकाणी वस्ती करते. यावर त्यांना पकडायचा सापळा ठरतो: इप्ससाठी एकत्र बोलावणारं गंधद्रव्य, झायलेबोरिनींसाठी इथेनॉल. इप्सचं आमिष लावून झायलेबोरिनींची वाट बघण्यात अर्थ नाही.

काष्ठकीट
सापळ्याचं पटलं. पण जंगलात झाडापाशी उभ्या माणसाला डीएनए दिसत नाही, म्हणून मी शरीररचनेवर अडतो. आधी भुसा बघा: तपकिरी असेल तर किडा सालीत, पांढरा असेल तर लाकडात. मग साल सोलून बोगदे पाहा. टाचणीएवढं भोक सरळ लाकडात गेलंय आणि भिंत काळी पडलीय, म्हणजे अँब्रोसिया. पण त्यात प्लॅटिपोडिनी, म्हणजे लाकूड पोखरणारं सोंडकिड्यांचं दुसरं उपकुळही असू शकतं. त्यांच्या पावलाचा पहिला सांधा बाकीच्या सांध्यांच्या बेरजेइतका लांब असतो, भिंगाखाली लगेच कळतं.

मिशीधर
बोगद्यांच्या नक्षीवर फार विसंबू नका. इप्सची नवी पिढी बाहेर पडण्याआधी तिथेच साल खाते आणि नक्षी पुसून टाकते. प्रौढ मिळवा. टायपोग्राफसच्या पंखांच्या उतारावर दोन्ही बाजूंना चार-चार दाते, तिसरा सर्वांत मोठा, आणि उतार निस्तेज. चकचकीत दिसला तर दुसरा इप्स आहे का ते तपासा.

भुंगेदास
म्हणजे दोघंही ओळखीसाठी शरीरच वापरताय. चालेल की. नमुन्याच्या चिठ्ठीवर मात्र कर्क्युलिओनिडी: स्कोलिटिनी लिहा.