ईदेसाठी सहा खच्ची बोकड तयार करायचेत, खुराक कसा वाढवू?

माणदेशी_ताई: नमस्कार सगळ्यांना. उस्मानाबादी शेळ्यांना सिरोही बोकड लावला होता, त्याचे सहा बोकड आहेत, एप्रिलमधे जन्मलेले, चार महिन्यांचे असताना डॉक्टरांकडून चिमटा लावून खच्ची करून घेतले. आता नोव्हेंबरात काट्यावर 19 ते 22 किलो भरतायत. 2025 ला बकरी ईद 7 जूनला होती, पुढच्या वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येणार म्हणजे मे संपता संपता, तोवर हे वर्षाच्या वर जातात म्हणून पहिल्यांदाच ईदेपर्यंत सांभाळायचं ठरवलंय. सध्या दिवसभर चरून येतात आणि संध्याकाळी मूठभर मका टाकते. शेजारचे म्हणतात आजपासून रोज किलोभर मका सुरू कर, दीर म्हणतात सरकी पेंड आणि गव्हाचा कोंडा दे. कुणी स्वतः केलं असेल तर सांगा, पैसे घालायची तयारी आहे पण बोकड हातचा जायला नको.

फलटणकर_गोठा: ताई, किलोभर मका एकदम अजिबात नको. पोट आंबतं, बोकड फुगतो, रवंथ बंद करतो आणि दोन दिवसांत आडवा होतो. आणि नुसता कोंडा-सरकी-मका पण नको, ते का ते सांगतो कारण मी ते भोगलंय.

दोन वर्षांपूर्वी माझा सगळ्यात जड बोकड, 41 किलोचा, ईदेला अठरा दिवस राहिलेले. सकाळी बघतो तर मागचे पाय लांब ताणून उभा, शेपूट थरथरतेय, मधेच कण्हतोय. मला वाटलं पोट साफ होत नाही, म्हणून तेल पाजलं, इथंच चुकलो. दुसऱ्या दिवशी खाली वाकून बघितलं तर लघवीच्या जागेच्या केसांना बारीक वाळूसारखे पांढरे कण चिकटलेले. मुतखडा. डॉक्टर आले, त्यांनी टोकाची बारीक नळी कापली, चार थेंब आले आणि परत बंद. संध्याकाळी पोट खालून सुजलं, आत मूत्राशय फुटलं होतं. आदल्या दिवशी बोलावलं असतं तर कदाचित वाचला असता.

डॉक्टरांनी कारण समजावलं ते असं की मका, कोंडा, सरकी पेंड सगळ्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, बोकडाला कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट तरी लागतं. शिवाय फार लहानपणी खच्ची केला की लघवीची नळी बारीक राहते, तुमचं चार महिन्यांनी झालंय ते बरं झालं.

आता मी 10 किलो खुराक असा करतो: मका भरडा 5 किलो, शेंगदाणा पेंड 2 किलो, तूर चुनी 2 किलो 600 ग्रॅम, मिनरल मिक्श्चर 200 ग्रॅम, कॅल्साइट पावडर (कॅल्शियमसाठी चुनखडीची पूड) 100 ग्रॅम, मीठ 100 ग्रॅम. मिठामुळे पाणी जास्त पितात, तेच हवंय आपल्याला. पेंडीला वास किंवा बुरशी असेल तर फेकून द्या, जीव लावू नका तिच्यात.

सुरुवात एका बोकडाला 100 ग्रॅमने, दर चार-पाच दिवसांनी 50 ग्रॅम वाढवा, 400 वर आलात की थांबा आणि शेवटच्या दोन महिन्यांत 500 पर्यंत जा. दोन वेळा विभागून, आणि आधी कडबा नाहीतर हरभऱ्याचा भुसा, मग खुराक. रोज सकाळी लेंड्या बघायच्या, सुट्या पडल्या तर ठीक, एकमेकींना चिकटून गोळा होत असेल तर वाढवणं थांबवा, पातळ झालं तर निम्म्यावर आणा. रोज 90 ग्रॅम वाढ धरली तरी सहा महिन्यांत 16 किलो होतात.

डॉक्टर_गावाकडचे: वरचं बरोबर आहे, एकच भर. खुराक वाढवायच्या आधी जंताचं औषध द्या आणि आंत्रविषाराची लस टोचा, पहिल्यांदा टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. हा रोग मरतुकड्याला नाही, कळपातल्या सगळ्यात तगड्या आणि खादाड बोकडाला धरतो, रात्री चांगला असतो आणि सकाळी मेलेला सापडतो.

बाजारकरी: आम्ही तीन पिढ्या बोकडांच्या धंद्यात. ताई काट्यावरचं वजन एक आणि मटण एक. साधारण निम्म्याच्या जरा खालीच पडतं, आणि शेवटी शेवटी नुसता मका ठासला तर शेळीच्या जातीत चरबी आधी आत आतड्यावर आणि गुर्द्याभोवती साठते, वरून दिसत नाही. म्हणून कमरेवर हात ठेवून बघा, मणक्याच्या आडव्या हाडांची टोकं दाबल्यावर लागली पाहिजेत पण टोचली नाही पाहिजेत. छातीखालच्या हाडावर पण हात फिरवा, तिथं गादीसारखं लागायला लागलं की त्या बोकडाचा मका कमी करा. आणि ईदेचं गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग कान, शिंगं, पाय. लंगडा, एका डोळ्यानं आंधळा, शिंग मुळातून तुटलेला, कान निम्मा फाटलेला असा चालत नाही. सहा एकत्र बांधलेत तर खुराकाला टकरा खेळतात, टोपली वेगवेगळी ठेवा. जन्मतारीख वहीत लिहून ठेवा, दुधाचे पडून येणारे पुढचे मोठे दोन दात कुणाला बाराव्या महिन्यात येतात कुणाला पंधराव्या.

माणदेशी_ताई: खूप आभार भाऊ, फलटणकरांचं वाचून छातीत धस्स झालं. काटा शेजाऱ्यांचा आहे, दर आठवड्याला मागायला बरं वाटत नाही. टेपने होतं का? आणि मेमधे आमच्याकडे ओलं काहीच नसतं, विहीर पण तळाला जाते.

फलटणकर_गोठा: होतं की. छातीचा घेर इंचात, घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, भागिले 660. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत. घेर 28 आणि लांबी 27 आली तर 32 किलो. सकाळी उपाशी पोटी मोजा, दर वेळी त्याच माणसानं.

मेसाठी आत्ताच हरभऱ्याचा आणि तुरीचा भुसा भरून ठेवा, शेवरी-सुबाभूळ बांधावर असेल तर पाला वाळवून ठेवा. उन्हात दुपारी खात नाहीत, खुराक सकाळी सातच्या आत आणि सूर्य कलल्यावर. पाणी मात्र सावलीत, माठासारखं गार, आणि बादली रोज घासून, घाण पाण्याला बोकड तोंड लावत नाही आणि पाणी कमी झालं की माझ्या बोकडासारखा मुतखडा होतो.

माणदेशी_ताई: उद्या डॉक्टरांना लसीसाठी बोलावते. 100 ग्रॅमचं माप म्हणून एक वाटी तोलून बाजूला ठेवलीये. पंधरा दिवसांनी सहाही जणांचे घेर इथंच टाकते.