दहा हजार फुटांवरचा क्लच: स्टिकर प्रमाण मानायचं की टॅको?

घाटमाथा (डेन्व्हर)

गेले चार हिवाळे कोलोरॅडोत स्नोमोबिल (बर्फावर पळणारं, ट्रॅकवर म्हणजे रुंद रबरी पट्ट्यावर चालणारं मशीन) चालवतोय आणि दर सीझनला तोच वाद ऐकतोय. उंचीवर मशीन दमायला लागलं की कोणी सांगतं टर्बो घ्या, कोणी सांगतं लांब ट्रॅक टाका, कोणी दुकानातून तयार क्लच किट आणून बसवतं. माझं म्हणणं असं की आधी प्रायमरी क्लचमधली वजनं बघा. आपल्या डोंगरावर, आपल्या अंगाच्या आणि सामानाच्या वजनासकट, टॅको (इंजिनाचे आरपीएम दाखवणारा काटा) बघून लावा. पैसे नंतर खर्च करा.

पहिलं मशीन मी सेकंडहँड घेतलं, मिनेसोटातून आलेलं. साधं ८५० सीसीचं, टर्बो नाही. विकणारा म्हणाला, "डोंगरासाठी तयार आहे." स्टीमबोट स्प्रिंग्जच्या वर रॅबिट इअर्स पासला घेऊन गेलो. खिंडच ९,४२६ फुटांवर, आणि रात्रीत पडलेला बर्फ मांडीपर्यंत. थ्रॉटल पूर्ण दाबला तरी टॅको ७,६५०च्या वर जाईना. पुस्तकात या इंजिनाला ८,२५० दिलेत. त्या दिवशी सात वेळा रुतलो. शेवटच्या खेपेला बाजूचं पॅनल उघडलं तर जळक्या रबराचा वास आला आणि पुलीला हात धरवेना. घरी येऊन क्लच खोलला. वजनांवर ७० ग्रॅमचा छाप! समुद्रसपाटीपासून हजारभर फुटांवर तळ्यांच्या काठाने पळणाऱ्या मशीनची ती वजनं होती. ६४ची घातली, पुढच्या शनिवारी त्याच जागी ८,२०० मिळाले.

ज्यांनी क्लच कधी उघडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रायमरी क्लच क्रँकवर बसतो. तो फिरला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि दोन चकत्या जवळ आणून मागच्या पुलीकडे (सेकंडरी) जाणारा बेल्ट दाबतात. हा दाब ठरतो वजनाच्या ग्रॅमवर आणि आरपीएमवर. इंजिनात किती जोर उरलाय हे त्या वजनांना कळत नाही. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे दहा हजार फुटांवर तीस टक्क्यांच्या आसपास. फ्युएल इंजेक्शन हवेप्रमाणे पेट्रोल कमी करतं, पण नसलेली हवा कुठून आणणार? वजनं मात्र खालच्याच जोराने बेल्ट दाबत राहतात. दुबळ्या इंजिनावर जड गिअर लादल्यासारखं होतं, आणि टू-स्ट्रोकचा ताकदीचा पट्टा इतका अरुंद की पाचसहाशे आरपीएम घसरले की खेळ संपला.

सह्यकडा (सॉल्ट लेक सिटी)

साफ असहमत, आणि तुमच्याच गोष्टीच्या आधारावर. मशीनवर उंचीप्रमाणे वजनांचा तक्ता चिकटवलेला असतो, तोच स्टिकर. तो एकदा वाचला असता तर ७०ची वजनं पहिल्याच दिवशी सापडली असती. म्हणजे तुम्हाला वाचवलं असतं ते स्टिकरने. "स्वतः लावा" हा सल्ला यातून कुठे निघतो?

मी हा सल्ला ऐकून हात पोळून घेतलेत. इथल्या युइंटा डोंगरांत मिरर लेक हायवे हिवाळ्यात मोटारींना बंद असतो, तिथून आम्ही वर जातो. जानेवारीच्या भुसभुशीत बर्फात टॅको बरोबर यावा म्हणून स्टिकरपेक्षा ३ ग्रॅम हलकी वजनं घातली. तेव्हा खूश होतो. मार्चअखेरीस खालच्या पट्ट्यात, टणक बर्फावर तेच मशीन ८,५००च्या पुढे जाऊन लिमिटरवर (आरपीएम आणखी वाढू न देणारी यंत्रणा) आपटायला लागलं. वजन हलकं म्हणजे बेल्टवरची पकडही ढिली, हे तुम्ही लिहिलं नाहीत. बेल्ट घसरला, तापला, फुटला. त्याचे दोरे सेकंडरीच्या मागे शाफ्टला असे गुंडाळले गेले होते की हातमोजे काढून, पक्कडीने एकेक ओढत दोन तास गेले. अंधार पडायला आला होता. बायको गाडीपाशी वाट बघत होती आणि फोनला रेंज नव्हती. तेव्हापासून मी तक्त्याबाहेर जात नाही, आणि नवख्या माणसाने जावं असं मला अजिबात वाटत नाही.

घाटमाथा (डेन्व्हर)

सह्यकडा, तक्ता आधी बघायला हवा होता, हे मान्य. चूक माझीच. आणि पकड ढिली होते हेही मूळ लेखात यायला हवं होतं.

पण तक्त्याला फक्त उंची कळते. बर्फ किती खोल आहे, तो कोरडा की ओला, वर बसलेला माणूस ६० किलोचा की ९५ किलोचा, पाठीवर फावडं-दोर-पाणी किती, यातलं काहीच तक्त्यात नाही. बफेलो पासला कंबरभर बर्फात तक्त्यातल्या ६४वर मला ८,०५० मिळतात, ६२वर ८,२००. खालच्या टणक वाटेवर तीच ६२ मला ८,३५०ला नेतात, म्हणून तिथे मी थ्रॉटल पूर्ण दाबत नाही. ग्रॅममागे साधारण शंभर आरपीएम हा आडाखा माझ्या मशीनला लागू पडतो. तुम्ही एकदम तीन ग्रॅम उतरलात आणि मार्चमध्ये परत बदलली नाहीत. दोष मी त्या न बदलण्याला देईन.

गॅरेजवाला (पुणे)

मी बर्फ पाहिलाय तो फक्त गुलमर्गला, तिथे भाड्याच्या स्नो स्कूटरवर मागे बसून. पण हे वाचताना वाटतंय की ही तर आमची अ‍ॅक्टिव्हा! पुढे व्हेरिएटर, त्यात रोलर, मागच्या पुलीत टॉर्क कॅम. हलके रोलर टाकले की गाडी जास्त आरपीएमवर पळते, उचल चांगली मिळते. पसरणीच्या घाटात डबलसीट जाणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हेच करून देतो. तेव्हा प्रश्न असा: सगळे वजनांवरच का भांडताय? मागच्या पुलीचं काय? घाटात चढ आला की गाडीला खालच्या गिअरला आणण्याचं काम मागची पुली करते.

निळी टोपी (कॅल्गरी)

गॅरेजवाल्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. घाटमाथा आणि सह्यकडा दोघेही प्रायमरीत अडकलेत.

मी रेव्हलस्टोकला जातो. गाव ४८० मीटरवर, आणि बोल्डर माउंटन किंवा फ्रिस्बी रिजला वर गेलं की दोन हजार मीटरच्या आसपास. एका सकाळीत दीड हजार मीटरचा फरक! कोणत्या उंचीची वजनं लावू? पार्किंगची की वरची? कोलोरॅडोत गाडी लावता तिथेच नऊ हजार फूट असतात, म्हणून तुम्हाला "आपल्या उंचीची वजनं" म्हणणं सोपं जातं. शिवाय आमचा बर्फ तुमच्यासारखा कोरडा नाही, जड असतो.

मला फरक पडला तो सेकंडरीतल्या हेलिक्सने. हेलिक्स म्हणजे तो उतरत्या कडेचा तुकडा ज्यावरून मागची पुली सरकते. कोन तीव्र असला की मशीन झपाट्याने वरच्या गिअरला जातं, पण ट्रॅकवर ओझं आलं की पटकन खाली येत नाही. कोन कमी असला की झाडांमधून वळताना थ्रॉटल सोडून पुन्हा दाबला तरी टॅको लगेच जागेवर येतो. खोल बर्फात माणूस रुततो तो याच क्षणी. मी कोन थोडा कमी केला, वजनं तक्त्यातल्या मधल्या पट्टीची ठेवली आणि गावापासून माथ्यापर्यंत एकच जोडणी चालते. खाली शंभरेक आरपीएम जास्त, वर शंभरेक कमी. चालतंय.

आणि टर्बोला उडवून लावू नका. स्की-डूने २०२०च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच टर्बो बसवलेलं टू-स्ट्रोक आणलं, ८,००० फुटांपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकवणारं. तिथवर ताकद घटतच नाही, म्हणून उंचीप्रमाणे वजनं बदलण्याची कटकट बरीचशी जाते. महाग आहे, पण ज्याला शनिवार-रविवारच मिळतो त्याच्या वेळेलाही किंमत आहे.

घाटमाथा (डेन्व्हर)

हेलिक्सबद्दल मान्य, पण क्रम उलटा नको. आधी वजनांनी सरळ चढावर पूर्ण थ्रॉटलचा टॅको जागेवर आणा, मग हेलिक्सला हात लावा. दोन्ही एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

स्प्रिंगबद्दलही लिहितो, कारण नवीन लोक तिथे फसतात. प्रायमरी स्प्रिंगला दोन आकडे असतात. पहिल्यावर मशीन किती आरपीएमला पकड घेतं ते ठरतं, दुसरा वरच्या टोकाचा. पहिला आकडा फार वाढवला तर क्लच झटक्याने पकडतो आणि भुसभुशीत बर्फात ट्रॅक पुढे जाण्याऐवजी खाली खड्डा खणतो. मागच्या वर्षी एका मित्राचं मशीन असंच होतं. थांबून निघाला की दर वेळी मागची बाजू हातभर खाली! त्याला मऊ स्प्रिंग घालून दिली, आणि थ्रॉटल हळूहळू ओढायला शिकवलं.

टर्बोवाल्यांशी भांडण नाही. पण कोलोरॅडोत आमचं फिरणं दहा-अकरा हजारांवर असतं, ८,०००च्या वरची घट तिथे टर्बोलाही सोसावी लागते.

अबोली (बोल्डर)

सगळी चर्चा वाचली आणि अस्वस्थ झाले. तुम्ही मोजताय ते "पूर्ण थ्रॉटल, चढावर, खोल ताज्या बर्फात." नेमकं तिथेच हिमकडा कोसळतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार आणि त्यावर रात्रीत पडलेला बर्फ. अमेरिकेत हिमस्खलनात जाणाऱ्यांमध्ये स्नोमोबिलवाले मोठ्या संख्येने असतात, आणि त्यातले बरेच जण एकच उतार पुन्हा पुन्हा, आधीपेक्षा वर चढून बघत असताना. दोनशे आरपीएम जास्त मिळाले म्हणजे माणूस त्या उतारावर आणखी वर जाणार. या धाग्यावर अजून एकानेही ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याला शोधायचं, अंगावर बांधायचं रेडिओयंत्र) हा शब्द लिहिलेला नाही.

घाटमाथा (डेन्व्हर)

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी चाचणी तीस अंशांच्या आतल्या उघड्या कुरणात घेतो, वर मोठा उतार लटकत नाही याची खात्री करून. निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी कोलोरॅडो अ‍ॅव्हलान्च इन्फर्मेशन सेंटरचा अंदाज वाचतो. ट्रान्सीव्हर अंगावर, फावडं आणि प्रोब (गाडलेल्याला शोधायला बर्फात खुपसायची लांब काठी) पाठीवर, मशीनच्या पेटीत नाही. पेटीत ठेवलं तर मशीन गाडलं गेलं की तेही गेलं.

पण एक बाजू माझीही ऐका. क्लच नीट नसलेलं मशीन उताराच्या पायथ्याशी रुततं. तिथे माणूस वीस मिनिटं फावडं मारत बसतो, मित्र मदतीला येतात, आणि एका जागी चार जण उभे राहतात.

अबोली (बोल्डर)

ती वीस मिनिटं पायथ्याशी घालवायचीच नाहीत, हे आधी शिकायचं. रुतलेल्याला मदत एकानेच करायची, बाकीच्यांनी लांब सुरक्षित जागी थांबून नजर ठेवायची. यासाठी क्लच लागत नाही. चाचणीचं कुरण कसं निवडायचं ते तुम्ही मूळ लेखातच टाका, बरेच जण प्रतिसादांपर्यंत येत नाहीत.

घाटमाथा (डेन्व्हर)

आज रात्री टाकतो.

सह्यकडा (सॉल्ट लेक सिटी)

अबोलींशी पूर्ण सहमत. घाटमाथांशी अजून नाही. नवख्याला तक्त्याबाहेर पाठवू नये हे माझं मत कायम आहे. पण ओझ्याचा मुद्दा डोक्यात राहिला. माझं वजन ८८ आहे आणि गेल्या वर्षापासून पाठीवर एअरबॅगही (हिमस्खलनात फुगवायची बॅग) असते.

तर असं करतो. येत्या रविवारी तक्त्यातली वजनं घालून मिरर लेकला जातो, ताज्या बर्फात, सपाट कुरणात, पूर्ण थ्रॉटलवर पाच सेकंद टॅको बघतो. दोन वेळा बॅगेसकट, दोन वेळा बॅग मुलाकडे देऊन. घरी उष्णता मोजायचं इन्फ्रारेड पिस्तूल आहे, त्याने पुल्याही मोजतो. बॅगेसकट ८,१५०च्या खाली आला तर एक ग्रॅम उतरेन, तीन नाही. आणि आकडे माझ्या विरोधात गेले तरी इथे टाकेन.