स्वादुपिंडाच्या कॅन्सरभोवतीचा तंतुमय भाग औषधाने आधी विरघळवत का नाहीत?

नौपाडाकर:
नमस्कार मंडळी. सासऱ्यांना स्वादुपिंडाच्या हेडमध्ये, म्हणजे रुंद टोकाला, गाठ निघाली आहे. एंडोस्कोपीतून सोनोग्राफी करत सुईने तुकडा काढला. पहिला रिपोर्ट ‘नमुना अपुरा, बहुतांश तंतुमय ऊतक’. पुन्हा सुई घातली, तेव्हा अॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर) आणि पुढे ‘डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा’, म्हणजे कॅन्सरच्या पेशींभोवतीचं दाट तंतुमय ऊतक, असं आलं. वाचताना कळलं की या गाठीत कॅन्सरच्या पेशी कमी आणि बाकीचा मालच जास्त असतो, आणि त्या भिंतीमुळे केमो आत पोचत नाही. माझं वागळे इस्टेटला मशीनशॉप आहे, म्हणून सरळ विचारतो: भिंत आधी पाडा, मग केमो द्या. असं का करत नाहीत?

स्लाइडवाली_नेरुळ:
नौपाडाकर, मी डॉक्टर नाही, हिस्टो लॅबमध्ये, म्हणजे ऊतकाचे काप तपासतात तिथे, टेक्निशियन आहे. पण रोज हेच कापते, म्हणून लिहिते.

आधी पहिल्या रिपोर्टाबद्दल. त्यावरून कुणावर चिडू नका. या गाठीत सुई जाते तिथे कित्येकदा कोलॅजनच, म्हणजे तंतूंचं प्रथिनच, हाताला लागतं. तुकडा मेणात बसवून केलेला ब्लॉक मायक्रोटोमवर (काप काढायच्या यंत्रावर) लावला की ब्लेडलाच जाणवतं, काप नीट सुटत नाही. स्लाइड रंगवली की सगळीकडे गुलाबी तंतू, आणि त्यात लांब लांब विखुरलेल्या चार-दोन वेड्यावाकड्या जांभळ्या ग्रंथी. त्याच काय त्या कॅन्सरच्या. स्ट्रोमा काही गाठींत ८०-९० टक्क्यांपर्यंत भरतो. म्हणजे भिंत ‘भोवती’ नाही, गाठभर आहे.

तो येतो कुठून? कॅन्सरच्या पेशी इशारे पाठवतात, त्यावर स्वादुपिंडातल्या स्टेलेट नावाच्या तंतू बनवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि कोलॅजन ओतत सुटतात. दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, औषध पोचत नाही. इथवर तुमचं बरोबर.

आता पाडण्याचं. ते करून झालंय हो! २००९ साली उंदरांवर हेजहॉग नावाचा इशारा अडवणारं औषध दिलं, स्ट्रोमा कमी झाला, जेमसिटाबिन हे केमोचं औषध जास्त आत गेलं. सगळे खूश. माणसांवरची चाचणी मात्र २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांचं उलट वाईट होत होतं. मग २०१४ मध्ये उंदरांतच दिसलं की स्ट्रोमा काढला तर उरलेली गाठ जास्त आक्रमक होते. म्हणजे तो पसारा कॅन्सरला थोपवूनही धरत होता. पुढे स्ट्रोमातला हायलुरोनान हा घटक विरघळवणारं एन्झाइम केमोबरोबर देऊन पाहिलं. २०१९ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला: आयुष्य काही वाढलं नाही.

माझं मत विचाराल तर ‘स्ट्रोमा’ असा एकच माल समजण्यातच घोळ होता. २०१७ नंतर कळत गेलं की त्यातले फायब्रोब्लास्टही (तंतू बनवणाऱ्या पेशी) एका जातीचे नाहीत. कॅन्सरपेशींना चिकटून असलेले तंतू विणतात, लांबचे आयएल-६ सारखी इशारा देणारी रसायनं सोडून कॅन्सरला पोसतात. सरसकट पाडलं तर दोन्ही जातात.

ऐरोली_ब्रिज:
आमच्या आईला याच आजारात एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्या विरघळवण्यासाठीच असतात ना?

स्लाइडवाली_नेरुळ:
नाही दादा, त्या पचनासाठी. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही, म्हणून तूप-तेल पचत नाही, वजन उतरतं. त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या, दोन घासांनंतर. उपाशीपोटी घेतल्या तर वाया.

खारघर_सेक्टर२०:
ताईंनी स्ट्रोमाचं छान सांगितलं. मी मॉलिक्युलरच्या, म्हणजे जनुकतपासणीच्या, बाकावर काम करतो, तिथे तो आणखी एका प्रकारे नडतो. या कॅन्सरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त गाठींत केरास जनुक बिघडलेलं असतं. तपासणीला काप आला आणि त्यात कॅन्सरपेशी २० टक्केच असल्या, तर बिघडलेली प्रत साधारण १० टक्केच दिसते, कारण प्रत्येक पेशीत दुसरी प्रत सहसा धड असते. जनुक वाचायच्या जुन्या सँगर पद्धतीत ती नजरेतून सुटू शकते. म्हणून पॅथॉलॉजिस्ट रंगवलेल्या स्लाइडवर पेनाने गोल काढून देतात, आम्ही न रंगवलेल्या कापावरून तेवढाच भाग ब्लेडने खरवडतो.

नौपाडाकर, दोन गोष्टी डॉक्टरांना जरूर विचारा. एक, ब्लॉकमध्ये जनुकतपासणीपुरता माल उरला आहे का. केरासमधल्या बिघाडाच्या जी१२सी प्रकारावर औषध आहे, पण तो प्रकार या आजारात १-२ टक्क्यांतच सापडतो. जी१२डी जास्त दिसतो, त्याच्यावरची औषधं अजून चाचण्यांत आहेत. दुसरं, रक्तातून बीआरसीए तपासणी, म्हणजे त्या नावाच्या जनुकांत वंशातून येणारा बिघाड आहे का ते पाहणं. घरात कुणाला कॅन्सर नसला तरी ती सुचवतात. सापडलं तर प्लॅटिनम असलेल्या औषधांच्या केमोचा विचार होतो, आणि तुमच्या मिसेसनाही तपासून घ्यावं लागेल, कारण ते वडिलांकडून येऊ शकतं.

नौपाडाकर:
बायकोचं डोक्यातच आलं नव्हतं. ब्लॉक अजून ठाण्याच्या लॅबमध्येच आहे. तो आपल्याला मागता येतो का?

स्लाइडवाली_नेरुळ:
येतो. अर्ज, पेशंटचं ओळखपत्र आणि पावती न्या. ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा, नुसत्या स्लाइड घेऊन येऊ नका. आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे ते.