मदत हवी आहे: आफ्टर इफेक्ट्समध्ये फोटोतल्या माणसांचे पाय घसरतायत

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या 6 फोटोंना थ्रीडी हालचाल देतोय, 5 झाले, एकावर अडकलोय. ब्लॅक अँड व्हाइट ग्रुप फोटो, वाड्याच्या अंगणात 2 ओळी, मागे ओसरी. फोटोशॉपमध्ये माणसं, ओसरी, अंगण असे 3 लेयर कापले, मागची भोकं क्लोन स्टँपने भरली (आजीच्या पदराला पांढरी रेघ येत होती, मास्क 2 पिक्सेल आत घेतल्यावर गेली). ओसरी कॅमेऱ्यापासून दुप्पट लांब नेली म्हणून स्केल 200 टक्के, पहिली फ्रेम मूळ फोटोसारखीच दिसते.

गडबड अंगणाची. उभं ठेवलं तर माणसं तरंगतात, एक्स (आडव्या) अक्षावर 90 अंश फिरवून आडवं पाडलं तर फरशा च्युइंगगमसारख्या ताणल्या जातात. मग कॅमेरा प्रोजेक्शन केलं, म्हणजे प्रोजेक्टरसारखा फोटो जमिनीवर पाडला: पॉइंट लाइट कॅमेऱ्याच्याच जागी, पुढे फोटो, लाइट ट्रान्समिशन 100, कास्ट शॅडोज ओन्ली, खाली सॉलिड (एकरंगी सपाट लेयर) अंगण म्हणून. फरशा छान बसल्या, पण कॅमेरा डावीकडे नेला की मागच्या ओळीच्या चपला बर्फावर असल्यासारख्या सरकतात.

रेंडरर क्लासिक थ्रीडी आहे. लॅपटॉप 8 जीबीचा, ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे ब्लेंडर शीक म्हणू नका प्लीज, आणि एआयवाली अ‍ॅप्सही नकोत, चेहरेच बदलतात.

तर नेमकं हे सांगा, माणसांच्या लेयरचा झेड (खोलीतली जागा) अंगणाच्या सॉलिडवरून कसा काढायचा, अँकर पॉइंट (लेयर ज्या बिंदूवरून हलतो-फिरतो तो) पायाशी आणला की पुरतं, का दोन्ही ओळी वेगळ्या कापाव्याच लागतील?