पोर्ट 69 खुला हाय तरी पीएक्सई (नेटवर्कवरून मशीन बूट करणं) लटकून राहिलं, लॅबमध्ये व्हीएम इमेज टाकायची कशी?

लॅबवाला_पुसद:
नमस्कार मंडळी. पुसदकडच्या एका कॉलेजात लॅब पाहतो मी. 22 कॉम्प्युटर हायेत, प्रॅक्टिकलसाठी सगळ्यायवर एकच व्हीएम इमेज (व्हर्च्युअल मशीनची तयार फाईल) टाकायची हाय, 8 जीबीची. पेनड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपुढं बसायचा कंटाळा आला म्हणून पीएक्सई लावलं. सर्व्हर ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये, लॅब मांगच्या जुन्या होस्टेलात, अन् मधात एका जुन्या डबड्यावर लिनक्स टाकून फायरवॉल केलेला. त्यात यूडीपी 67, 68 (आयपी वाटायचे) अन् 69 (टीएफटीपी, म्हणजे बूटची फाईल पाठवायचा) खोलून देल्ले. मशीन चालू केली का आयपी बरोबर येते, मंग नुसते ठिपके टाकत बसते अन् शेवटी पीएक्सई-ई32, टीएफटीपी ओपन टाइमआउट. तीच मशीन उचलून सर्व्हरपाशी लावली तर लगेच बूट. आता 69 खुला हाय तर काहून असं?

मोर्शीचा_संत्रा:
भाऊ, दोन मिनिटं फायरवॉल बंद करून पाय. चाललं तर त्याचाच लोचा, नाही तर केबल पाय. आमच्या इथं उंदरानं केबल कुरतडली होती अन् आमी तीन दिवस सेटिंगच चाळत बसलो. पाहून झालं का चालू करजो बरं, तसाच नको सोडू.

वरोरा_नेटवर्क:
केबल नाही, आयपी येऊन राहिला म्हणते ना तो.
दादा, 69 वर मशीन फक्त फाईल मागते. सर्व्हर उत्तर देते ते 69 वरून नाही, वरचा एखादा नवाच पोर्ट उचलून तिथून. टीएफटीपी बनवलाच तसा हाय, 1992 च्या आरएफसी 1350 मध्ये (त्याच्या नियमाच्या कागदात) पाहून घ्या. फायरवॉलले ते नवं कनेक्शन वाटते, सर्व्हरकडून लॅबकडं, अन् तसा नियम नाही म्हणून फेकून देते. फायरवॉलच्या सर्व्हरकडच्या कार्डावर टीसीपीडंप (येणारे-जाणारे पॅकेट दाखवणारं टूल) लावा, 32768 च्या वरच्या पोर्टवरून उत्तर येताना दिसन, लॅबकडच्या कार्डावर दिसणार नाही.
उपाय म्हणून सगळे वरचे पोर्ट खोलू नका. टीएफटीपीचा कॉनट्रॅक (कनेक्शनचा माग ठेवणारा) मॉड्यूल चढवा अन् फॉरवर्डच्या नियमात एस्टॅब्लिश्ड (चालू कनेक्शन) सोबत रिलेटेड (त्याच्याशी जोडलेलं नवं) पण टाका. पण लिनक्स कर्नल 4.7 पासून हा मॉड्यूल, म्हणजे हेल्पर, आपोआप लागत नाही, रॉ टेबलमध्ये 69 साठी सीटी हेल्परचा नियम हातानं लिहा लागते. लोकं इथंच फसतात, मॉड्यूल चढलेला दिसते अन् काम होत नाही.

लॅबवाला_पुसद:
बावा रे! मॉड्यूल कालच चढवला होता, तो सीटीवाला नियमच नव्हता. ई32 गेला, लिनक्स चढलं. पण आता इमेज ओढायले एनएफएस (सर्व्हरचं फोल्डर नेटवर्कवरून जोडणं) माउंट करते तिथं अडकलं. टीसीपी 2049 खोलेल हाय.

वरोरा_नेटवर्क:
एनएफएस व्हर्जन 3 नं माउंट होत असन. त्याले पोर्ट 111 पण लागते अन् माउंटडीचा (माउंट करून देणारा प्रोग्राम) वेगळा पोर्ट पण. व्हर्जन 4 सांगा, एकट्या 2049 वर भागते. अन् 22 मशीन एकदम सोडू नका, आधी एक करून टाइम पाहा.

लॅबवाला_पुसद:
व्हर्जन 4 नं झालं. पण एका मशीनले 12 मिनिटं, म्हणजे 22 ले चार तासाच्या वर, अन् आमच्याकडं दुपारी लाईन गेली का सगळं पयल्यापासून.

मोर्शीचा_संत्रा:
8 जीबीले 12 मिनिटं म्हणजे लिंक 100 एमबीपीएसवर हाय तुमची. आता तरी केबल पाय म्हणतो मी!

लॅबवाला_पुसद:
पायली भाऊ. होस्टेलकडचा कनेक्टर काढला तर आत चारच तारा जोडेल, बाकीच्या चार कापून मांगं दुमडून ठेवल्या होत्या कोणीतरी. आठही तारा घालून नवा कनेक्टर क्रिंप केला, लिंक 1000 वर आली. सगळ्या 22 पाऊण तासात झाल्या, लाईन जायच्या आधी.