बाबांना वारज्याला न्यावं का? आणि आईचं काय करू?

कऱ्हाडचा_मंदार
बाबा ७१ वर्षांचे, तोंडाचा कॅन्सर. पन्नास वर्षं तंबाखू-चुना. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, आता डॉक्टर म्हणाले घरी न्या. म्हणून कोथरूडला माझ्याकडेच आणलंय. रात्री दोनला उशीत तोंड खुपसून कण्हतात, मला ऐकू जाऊ नये म्हणून. पुण्यातच वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारं, केंद्र आहे म्हणे. दादा म्हणतो, तिथे माणसाला मरायला टाकतात, गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. त्यात आईला विस्मरण. परवा गॅस चालू ठेवून देवळात गेली. माझ्या रजा संपल्यात. कुणाचा अनुभव?

शुभदाकाकू
मंदार, दादाला माझं नाव सांग. मीही असंच बडबडायचे. २०१९ मध्ये आमच्या ह्यांना जिभेचा होता. अकराव्या दिवशी आम्ही तिथून घरी आलो, चक्क रिक्षाने! दुखणं आटोक्यात आलं की घरी सोडतात, पुन्हा लागलं तर पुन्हा जायचं. १९९७ पासून चालू आहे, पैसे घेत नाहीत, घरचं माणूस सोबत राहतं.

दुखण्यावरची मॉर्फीनची गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. मी स्वयंपाकघरात गजर लावायचे. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, ते चुकवू नकोस. आम्ही चुकवलं, पाच दिवस हाल. आणि जखमेचा वास... नातू खोलीत यायचा नाही. तिथल्या सिस्टरने मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर भुरभुरायला शिकवलं. आठवड्यात पोरगं आजोबांच्या पांघरुणात शिरून कार्टून बघत होतं. (तो छोटा खलबत्ता अजून माळ्यावर आहे. टाकवत नाही.)

औषधवाला
मॉर्फीन आमच्या काउंटरवर शोधत फिरू नका. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने कुणी ठेवत नसे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते सोपं झालं. ‘सवय लागेल’ म्हणून डोस लपवणारे मुलगे मी पाहिलेत.

वांद्रेवासी
मुंबईत कुणी विचारत असेल तर असंच केंद्र म्हणजे वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ पासून. तेही विनामूल्य.

शुभदाकाकू
आईचं राहिलंच. वृद्धाश्रम नको, म्हाताऱ्यांचं दिवसाचं पाळणाघर बघ, संध्याकाळी घरी आणायची. आधी तू एक दुपार तिथे बसून ये. बाथरूमला कोण नेतं, दाराला कडी कुठे आहे, ते बघ. टीव्हीसमोर रांगेने बसवलेले दिसले तर उठून ये. आमच्या सासूबाईंना मेथी निवडायला द्यायचे, दोन तास खूश. आणि आजच गॅसचा मेन कॉक बंद करायची सवय लाव.

कऱ्हाडचा_मंदार
दादा तयार झाला, उद्या गाडी तोच आणतोय. फाईल काढली तर बायोप्सीचा कागद गायब. आईने ‘नीट’ ठेवलाय.

शुभदाकाकू
तांदळाच्या डब्यात बघ.