पांडुरंग सांगवीकर बेपर्वा नाही
भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीचा नायक पांडुरंग आळशी, कशाचंच सोयरसुतक नसलेला, असं मत वाचलं, ते अजिबात पटलं नाही. पुण्यात आल्यावर तो होस्टेलच्या मेसचा सेक्रेटरी होतो, नाही त्या उठाठेवी अंगावर घेतो आणि त्यातच पोळतो. आळशी माणूस असलं काही करतो का? आमच्या यावल-रावेरकडे शिकायला जाऊन रिकाम्या हाती परतलेल्या पोराला गाव लगेच 'वाया गेला' म्हणतं, वाचकांनीही पांडुरंगचं तेच केलंय, आणि त्याचं फार वाईट वाटतं. धाकटी बहीण मनी गेल्यावरची पानं पुन्हा वाचाच. ज्याला कशाचंच काही वाटत नाही, तो असा आतून उन्मळून पडेल? नंतरचा अजिंठ्याच्या लेण्यांचा भागही सहल म्हणून वाचू नका. बुद्धासमोरचा तो भाग मनीशिवाय कळतच नाही.